कडब्याला जिल्हाबंदी, रेयॉनला मोकळे रान



नागपूर-अकोल्याकडून मुंबईच्या मोर्च्याला निघालो की कल्याणच्या अलीकडे शहाड स्टेशन लागते. तिथे सेंच्युरी रेयॉनचा कारखाना आहे. लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवायचा, कार्बन डायसल्फाइडने विरघळण्याजोगा करायचा आणि गंधकाच्या तेजाबात पिळून धागा काढायचा, असे हे काम. लगद्यातला सेल्युलोज म्हणजे आपल्या कापसात आणि ज्वारीच्या धांड्यात असतो तोच. सरकार याला उद्योग म्हणते.

तोच सेल्युलोज आपली गाय गोठ्यात रवंथ करता करता फोडते. ना भट्टी, ना तेजाब. मोठ्या जनावराच्या कोठीपोटात शंभर लिटरच्या आसपास माल मावतो आणि तिथले कोट्यवधी जंतू तो आंबवतात. त्यातून जी आम्ले निघतात त्यांवर जनावर जगते, आणि त्यांतल्या ॲसेटिक आम्लापासून दुधाची फॅट बनते. म्हणजे कडबा खातात ते जंतू. आपण दावणीत वैरण टाकतो ती त्यांच्यासाठी. हा कारखाना आपल्या दारात आहे, पण त्याला उद्योग कोणी म्हणत नाही.

आम्ही कृषी पदवी घेतलेल्यांनीही वर्षानुवर्षे सांगितले की कडबा निकस, त्यात काही नाही. हे अर्धेच खरे होते. कडब्यात प्रथिने तीन-चार टक्के, आणि जंतूंना नीट काम करायला सगळ्या खुराकात मिळून सात टक्के तरी लागतात. मग उणीव भरा! सरकीची ढेप द्या, तुरीचे, हरभऱ्याचे कुटार मिसळा. पण वैरण कमी करून भरड्याच्या पाट्या ओतल्या तर कोठीपोटात आंबटपणा वाढतो, धांडे पचवणारे जंतू मरतात, फॅट उतरते. डेअरीवर गाईच्या दुधाला ३.५ फॅटचा हिशोब लागतो, आणि भाव कापला जातो तो आपला. खुराक बदलायचा तर दहा-पंधरा दिवसांत, हळूहळू बदला.

मग वैरण गेली कुठे? १९६४ साली सी.एस.एच.-१ ही संकरित ज्वारी आली. दाणा वाढला, ताट बुटके झाले. जनावराने कडब्याला तोंड लावले की नाही, हे मोजले कोणी? पुढे खरिपाची ज्वारी मोडून सोयाबीन आले, कारण ज्वारीला भाव नव्हता. सरकी आपल्याच कापसातली. ती गिरणीत जाते आणि ढेप होऊन परत येते. विकताना भाव त्यांचा, घेतानाही त्यांचाच.

आणि एवढ्यातून ज्याने कडबा राखला त्याचे काय? २०२३ च्या टंचाईत राज्यातल्या अनेक जिल्ह्यांत चारा जिल्ह्याबाहेर नेण्यास बंदी घातली गेली. सांगतात, स्थानिक जनावरांसाठी. आम्ही विचारतो, दुष्काळात कोरडवाहू शेतकऱ्याकडे विकण्याजोगे दुसरे असते काय? चार पैसे मिळायची वेळ आली की नाका बंद. भाव पडला की पुढच्या वर्षी ज्वारी पेरणार कोण? मग जनावरे उपाशी मरतील ती दुष्काळाने की हुकमाने? शहाडचे सूत ठाणे जिल्ह्याबाहेर जाऊ नये, असा हुकूम कधी ऐकलात?

जनावरे जगवायची असतील तर सरकारने बाजारभावाने कडबा घ्यावा आणि छावणीत द्यावा. शेतकऱ्याच्या गंजीतून धर्म करू नये.

आमचे म्हणणे तीनच:

१. चाऱ्यावरची जिल्हाबंदी कायमची उठवा.
२. ज्वारीचे वाण शिफारस करताना दाण्याइतकाच कडबा मोजा, त्याचे वजनही आणि पचनही.
३. हमीभाव ठरवताना कडब्याची किंमत वजा धरायची असेल, तर तो कडबा खुल्या बाजारात विकू द्या.

जिल्हा बैठकीला येताना आपल्या गावचा कडब्याचा, ढेपेचा आणि दुधाचा भाव कागदावर लिहून आणा. हिशोब आपल्या हातात असला की साहेबासमोर बोलायला जीभ अडखळत नाही.