उसाच्या फडातील उसना संसार

सोलापूर जिल्ह्यातील वेळापूर येथे अर्धनारीनटेश्वराचे यादवकालीन मंदिर आहे. स्त्रीपुरुष मिळून एक देह, ही त्या नावामागची कल्पना. याच पट्ट्यातील उसाच्या फडातही नवराबायको मिळून एकच मोजले जातात. मात्र तेथे त्या एकाचे नाव असते ‘कोयता’. मुकादम उचल देतो ती जोडीला. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते आणि मुक्काम पाचटाच्या कोपीत. दिवाळीनंतर ऊसतोडीचा हंगाम सुरू होतो. लग्नसराईही त्याच दिवसांतली.

आणि त्याच दिवसांत महाराष्ट्रभर अशाच शिवारांत एक निराळी जोडी अवतरते. साखरपुडा झालेला असतो, लग्न व्हायचे असते. ती नऊवारी नेसून कमरेवर रिकामी घागर घेते. तो फेटा बांधून भाड्याच्या बैलगाडीत बसतो. चूल पेटवली जाते, पण भाकरी भाजली जात नाही. डोक्यावर ड्रोन घोंघावतो. चौकटीत खराखुरा मजूर आलाच, तर त्याला हाताने बाजूला व्हायला सांगतात. यालाच म्हणे ‘गावरान प्री-वेडिंग’!

हौसेला मोल नाही, असे कोणी म्हणेल. छायाचित्र काढणे हे पाप नव्हे, आणि छायाचित्रकाराच्या पोटावर पाय देण्याची इच्छा कोणाची आहे? माझा आक्षेप कॅमेऱ्याला नाही. कष्ट वगळून कष्टकऱ्याचा वेश तेवढा उचलण्याला आहे. ज्या गरिबीत एक रात्रही काढावयाची आपली तयारी नाही, तिची शोभा करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? आणि आपल्यापैकी कितीजणांच्या आज्यांनी खरोखरच विहिरीचे पाणी शेंदले, वाड्या शिंपल्या! त्या वाड्या आपण इमारतींसाठी विकल्या आणि आता दुसऱ्याच्या शेतात तासावारी भाडे मोजून ‘आपली संस्कृती’ टिपतो आहोत.

ख्रिस्तसभेने 1215 सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेत विवाहाची जाहीर सूचना सर्वत्र बंधनकारक केली. तिचा हेतू मिरवणूक हा नव्हता. या लग्नाला काही अडथळा ठाऊक असेल त्याने तो सांगावा, म्हणून ती सूचना होती. विवाहाची वार्ता आधी सत्याच्या कसोटीला लागत असे. आज ती वार्ता मोबाइलवर येते, खोट्या चुलीच्या उजेडात. आणि तिला कोणी प्रश्न विचारीत नाही. विवाहपूर्व मार्गदर्शनासाठी दोन दिवस काढताना कुरकुरणारी मंडळी चित्रीकरणासाठी मात्र रजा टाकतात, हे आपण धर्मग्रामात पाहत नाही काय?

वधूवरांनो, छायाचित्र जरूर काढा. आईच्या खऱ्या स्वयंपाकघरात काढा, बाबांच्या कामाच्या जागी काढा, ज्या बसथांब्यावर तुम्ही एकमेकांची वाट पाहिली तेथे काढा. शिवारातच जायचे असेल तर शेतकऱ्याचे नाव विचारा, मजुरांजवळ घटकाभर बसा, त्यांना चौकटीबाहेर हाकलू नका.

काना गावच्या लग्नात द्राक्षारस कोठून आला हे भोजनप्रमुखाला कळले नव्हते. पाणी भरणाऱ्या चाकरांना मात्र ते ठाऊक होते. ते चाकर वगळून काढलेले लग्नाचे चित्र कितीही देखणे असो, ते अपुरेच राहील.