प्रमाणपत्रातले 23 अंश

लॅमिनेटचे फ्लोअरिंग विकणारा हमखास दोन गोष्टी सांगतो: माल 'ई-वन' दर्जाचा आहे, आणि वास चार दिवसांत जाईल. याच बोलण्यावर विसंबून लोक तान्ह्या मुलांना घेऊन नव्या फ्लॅटमध्ये राहायला जातात, म्हणून ते तपासायलाच हवे.

लॅमिनेटचा गाभा म्हणजे बहुधा युरिया-फॉर्माल्डिहाइड रेझिनमध्ये दाबलेले लाकडाचे तंतू. दमट हवेत हे रेझिन हळूहळू फुटते आणि फॉर्माल्डिहाइड वायू सुटत राहतो. डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो. शिवाय 2004 पासून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत तो माणसाला कर्करोग करणारा म्हणून नोंदलेला आहे. ई-वनची मर्यादा घनमीटरला 0.124 मिलिग्रॅम. पण ज्या युरोपीय चाचणीवर ती बेतली आहे, तिच्या पेटीत तापमान 23 अंश आणि आर्द्रता 45 टक्के असते. नागपूरचा मे किंवा मुंबईचा जुलै त्या पेटीत कधी शिरलेलाच नाही. ऊब आणि दमटपणा वाढला की वायू जास्त सुटतो, हे मात्र रसायनशास्त्राला पक्के ठाऊक आहे.

यावर उत्तर मिळते की हा थंड देशांचा प्रश्न. तिथे फरशीखाली हीटिंग असते, खिडक्या बंद असतात. मग आपल्याकडे दिवसभर कुलूपबंद फ्लॅटमध्ये सरकत्या काचेतून येणारे ऊन काय करते? रात्री एसी लावून खिडक्या आपणही बंदच करतो, आणि साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच फिरवतो.

वासाचे म्हणाल तर नाक सरावते, वायू थांबत नाही. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणारे याच भरवशावर दगावतात. निखाऱ्यांना धूर नसतो, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

तळमजल्यावर ओल लपवायला चिकटवलेले विनाइल तर मला सर्वांत घातक वाटते. पावसाळ्यानंतर त्याचा कोपरा उचलून पाहा: गोंद चिकट, ओला झालेला, खाली बुरशीचे काळे ठिपके, आणि गोडसर, डोक्यात जाणारा दर्प. काँक्रीटमधला अल्कधर्मी ओलावा विनाइलला मऊ ठेवणारे थॅलेट आणि गोंद फोडतो. तो दर्प त्यातून निघणाऱ्या अल्कोहोलचा असतो.

म्हणून माझा आग्रह शहाबादी, कोटा, साध्या सिरॅमिक टाइल्सचा. दगड आणि भाजलेली माती असले वायू सोडत नाहीत. पायांना गार लागते, तिथे सतरंजी टाकावी आणि उन्हात झटकावी. लॅमिनेट बसवलेच असेल, तर राहायला जाण्याआधी काही आठवडे समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात. विनाइलचा विचार असेल, तर कोब्यावर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस ठेवावा. खाली थेंब जमले किंवा कोबा काळसर पडला, तर कारागिराला काम सुरू करू देऊ नये.