खालिद जमील : बूट काढल्यानंतरचा खेळ

सांगोल्यात पोरांच्या हातात आधी बॅट येते. डाळिंबाची बाग मोकळी झाली की तिथेही स्टंप रोवतात! तरी या महिन्यात आम्ही फुटबॉलवर लिहीत आहोत, ते खालिद जमील यांच्यासाठी. 1 ऑगस्ट 2025 रोजी ते भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. सावियो मदेरा यांच्यानंतर 13 वर्षांनी ही जबाबदारी भारतीय माणसाकडे आली.

खालिद यांचा जन्म 1977 चा, कुवेतमधला. आखाती युद्धाच्या काळात कुटुंब भारतात परतले. आपल्यातल्या किती घरांना हे परतणे ठाऊक आहे! पुढे ते मुंबईत एअर इंडिया आणि महिंद्रा युनायटेडकडून खेळले, देशाकडूनही खेळले. पण दुखापतींनी पाठ सोडली नाही. 2009 मध्ये, वयाच्या 32 व्या वर्षी, खेळणे थांबवून ते मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले. तिथे सात वर्षे काढली. जेतेपद एकही नाही, तुटपुंज्या बळावर संघ आय-लीगमध्ये टिकवला एवढेच. आम्हाला ही सात वर्षे पुढच्या चषकाइतकीच मोलाची वाटतात. 2016 मध्ये ती साथ सुटली आणि ते मिझोरामला ऐझॉल एफसीकडे गेले. आदल्या हंगामात खालच्या श्रेणीत ढकलला गेलेला आणि नंतर परत घेतलेला हा संघ 30 एप्रिल 2017 रोजी शिलाँग लाजाँगशी 1-1 बरोबरी साधून देशाचा विजेता ठरला. ईशान्येकडचा हा पहिलाच विजेता.

‘खेळून पोट भरते का?’ असे पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. पूर्वी कंपन्यांच्या संघांत नोकरी मिळे. ते संघ एकेक करून बंद पडले, महिंद्राचाही 2010 मध्ये. आज प्रशिक्षकाला परवाने लागतात, डी पासून थेट प्रोपर्यंत, आणि त्यात वर्षे जातात. मुलामुलींचे शिक्षण सोडवू नका, पण ही वाट आहे हे त्यांना सांगा.

खालिद यांचा खेळ बचावाचा, रटाळ, अशी टीका होते. ती अगदीच खोटी नाही. सप्टेंबरमध्ये ओमानला पेनल्टीवर हरवून मध्य आशियाई स्पर्धेत तिसरा क्रमांक मिळाला तेव्हा कौतुक झाले. ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून 1-2 हरलो, 2027 च्या आशियाई चषकाची वाट बंद झाली, आणि तीच तोंडे उलटी बोलू लागली.