मागच्या सीटवरून

आमच्या घरात मोटारसायकलीविषयी बोलण्याचा अधिकार आजवर एकट्या माझा होता. गाडी माझी, परवाना माझा आणि रविवारी सकाळी जुन्या बनियनच्या चिंध्या घेऊन तिच्याशेजारी पाट मांडून बसणाराही मीच. त्यामुळे गेल्या वर्षी गणपती झाल्यावर मंडईतून परत येताना आमच्या सौ. मागून म्हणाल्या, "अहो, मागे काहीतरी वाजतंय," तेव्हा मी ते बोलणे मनावर घेतले नाही. साडेतीनशे सी.सी.ची, १९९१ सालची बुलेट. तिचे काहीतरी वाजणारच. वाजायची थांबली तर काळजी करावी, असे उत्तर देऊन मी स्वतःच्याच विनोदावर हसलो. मागच्या सीटवरून हसू आले नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच सिंहगड रस्त्याने लांब चक्कर मारून आलो. आवाज नव्हता. तसे घरी जाहीर केले.

"कानाला नाही येत तो," सौ. म्हणाल्या. "तळपायाला लागतो. टक्... टक्... असा."

आवाज तळपायाला लागतो, ही गोष्ट मी मित्रमंडळींत सांगितली. सगळे पोट धरधरून हसले. त्या हसण्यात मीही सामील होतो, हे आज लिहिताना बरे वाटत नाही.

असो. गाडी आमच्या मिस्त्रींकडे नेली. मागून येणाऱ्या आवाजाची चौकशी कशी करावी याचे एक शास्त्र आहे. खड्ड्यात वाजला तर संशय शॉक-अब्जॉर्बरवर किंवा मडगार्डच्या नटांवर. ब्रेक दाबताच बदलला तर ब्रेक-शूवर. वेगाबरोबर घरघर वाढत गेली तर चाकाच्या बेअरिंगवर. रेस सोडता-धरता मागून हिसका बसला तर हबमधल्या रबरांवर. बुलेटच्या मागच्या हबमध्ये रबराचे ठोकळे असतात, इंजिनाचा झटका ते परस्पर गिळतात आणि तीस वर्षांनी वाळलेल्या खारकेसारखे होतात. मिस्त्रींनी हे सारे आरोपी एकेक करून आत टाकले. शॉक-अब्जॉर्बरचे बुश बदलले, बेअरिंगे बदलली, रबरे बदलली. दर वेळी स्वतः चक्कर मारून येत आणि म्हणत, "साहेब, एकदम ओके." दर वेळी मी घरी येई, सौ. मागे बसत आणि कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानापाशी पोहोचेपर्यंत म्हणत, "आहेच."

चौथ्या खेपेला मी जरा चढ्या आवाजात म्हणालो, "मला ऐकू येत नाही, मिस्त्रींना ऐकू येत नाही, तुलाच बरा येतो!"

त्या काही बोलल्या नाहीत. रात्री जेवताना मात्र शांतपणे म्हणाल्या, "यंदा भाऊबिजेला मी यष्टीनं जाईन वाईला. तुम्ही या गाडीवरून."

वाचकांना हे वाक्य साधे वाटेल. पण आमची पहिली भाऊबीज १९९३ सालची. तेव्हापासून फराळाचे डबे, ओवाळणीची साडी आणि आम्ही दोघे असे या गाडीवरून वाईला जात आलो. कात्रज ओलांडायचा, शिरवळला चहा घ्यायचा, खंबाटकीचा घाट चढून उतरायचा आणि सुरूर फाट्याला वळायचे. मध्ये घरात चारचाकी आली, तरी तो दिवस बुलेटचाच राहिला. यष्टी म्हणजे काडीमोड नव्हे, हे मलाही कळते. पण त्या रात्री झोप लागली नाही.

कोंडी फोडली चिरंजिवांनी. दिवाळीच्या सुट्टीत घरी आलेला मुलगा सगळी हकीगत ऐकून म्हणाला, "बाबा, आई बसते तसं तुम्ही कधी बसून बघितलंत का?"

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहू लागलो. इतक्या वर्षांत मी माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर एकदाही बसलो नव्हतो. आणि आई बसते तसे म्हणजे साडी नेसून बसतात तसे, एका अंगाने, दोन्ही पाय डावीकडे, साडी-गार्डच्या पाटीवर.

रविवारी सकाळी सोसायटीच्या आवारात तो सोहळा झाला. मुलगा पुढे. मी मागे, लेंगा सावरून, पाय डावीकडे सोडून. सौ.नी मागच्या टायरवर खडूची ठळक खूण केली आणि बाजूने चालू लागल्या. तीन गॅलऱ्यांत माणसे जमली. एका आजोबांनी चष्माही मागवला. मुलगा क्लच अर्धा दाबून चालीच्या वेगाने गाडी काढत होता. पहिल्या वीस पावलांतच माझ्या डाव्या तळपायाला लागले. टक्.

इंजिनाच्या धडधडीत तो कानाला येणे शक्यच नव्हते. बाई खरे बोलत होती. दीड महिना खरे बोलत होती.

मग मोजणी. खडूची खूण वर आली की सौ.नी "आली" म्हणायचे, पायाला लागले की मी "टक्" म्हणायचे. तो प्रत्येक फेऱ्याला लागता तर दोष चाकात, ब्रेकच्या ड्रममध्ये किंवा चक्रीत असता. पण हिशेब निघाला पाच वेळा "आली" आणि दोन वेळा "टक्". चाकाच्या अडीच फेऱ्यांना एकदा काय फिरते? मुलाने उत्तर दिले तेव्हा मी गाडीवरून उतरलोही नव्हतो. चेन! मागच्या चक्रीला दाते ३८ आणि चेनचे दुवे शंभराला दोन-चार कमी. चेनचा एक फेरा म्हणजे चाकाचे अडीचहून किंचित जास्त फेरे.

साडी-गार्ड काढले. त्याच्या पट्टीच्या आतल्या अंगाला एक बारीक रेघ चांदीसारखी लखलखत होती. मग चेनवरचे ग्रीस पुसत गेलो आणि लॉकपाशी हात थांबला. चेनची दोन टोके जोडणाऱ्या दुव्याला आपल्याकडे लॉक म्हणतात. त्यावर हेअरपिनीसारखी एक छोटी क्लिप असते. ती क्लिप नव्हती. तिने धरून ठेवलेली पट्टी पिनांवरून सरकत सरकत निम्मी बाहेर आली होती आणि दर फेऱ्याला गार्डला टोकत होती.

एकट्याने गेल्यावर का टोकत नव्हती, हेही मग उलगडले. पूर्वी बहुतेक मोटारसायकलींचे मागचे चाक सांगाड्याला पक्के जखडलेले असे. १९४८ साली इंग्लंडात बुलेटच्या नमुन्याला स्विंग आर्म बसवला गेला. १९५५ पासून मद्रासला जी बुलेट होऊ लागली तिलाही तो होता. आमचे मिस्त्री त्याला चिमटा म्हणतात. मागे माणूस बसले की सांगाडा खाली दबतो आणि चाक, चेन त्या मानाने वर येतात. साडी-गार्ड सांगाड्याला बांधलेले. म्हणजे दोघे बसल्यावरच पट्टीची आणि गार्डची गाठ पडणार. मिस्त्री चाक काढताना चेन न उघडता नुसती बाजूला सरकवत आणि काम झाल्यावर चक्कर मारत ते एकटेच. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागच्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून निम्मे चाक तरी झाकावे असे सांगितले आहे. ते झाकण आमच्या घरी आवाजही सांगत होते, पण ज्याचे पाय त्यावर होते त्यालाच.

आता क्लिप गेली कुठे, हा प्रश्न उरतो. तिचे बंद तोंड चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला ठेवायचे असते, उघडे मागे. नाहीतर वाटेत काही अडकून ती निघू शकते. गणपतीच्या आधी मी स्वतः चेन रॉकेलात धुतली होती, स्वतःच क्लिप बसवली होती आणि वरून सढळ हाताने ग्रीस चोपडले होते. कशी बसवली ते आठवत नाही. आठवत नाही म्हणजे काय, ते वाचक समजतील. खंबाटकीच्या उतारावर ती चेन सुटून चाकात गुंतली असती तर काय झाले असते, हे मुलाने विचारले नाही आणि मी सांगितले नाही.

नवे लॉक क्लिपसह आणले. इतर सुट्या भागांवर जो खर्च झाला त्यापुढे त्याची किंमत सांगायला संकोच वाटतो. क्लिप बसवताना सौ.ना बोलावून दाखवली. त्यांनी वाकून पाहिली. "चुकलं माझं," मी म्हणालो. "हं," त्या म्हणाल्या आणि चकल्या तळायला आत गेल्या.

भाऊबिजेला सकाळी साडेसहाला निघालो. यष्टीचा विषय निघाला नाही. कात्रज गेले. शिरवळला चहा झाला. दर दहा मैलांवर मी मान मागे करून "काही लागतंय का?" विचारी आणि मागून "पुढे बघा" असे उत्तर येई. खंबाटकीच्या ऐन चढात खांद्यावर थाप पडली. माझे काळीज लकाकले. गाडी कशीबशी कडेला घेतली, इंजिन बंद केले आणि खाली वाकून चेन पाहू लागलो.

"ती नाही हो," सौ. म्हणाल्या. "करंज्यांचा डबा कललाय."