कार्बोरेटर गेला, आता मिस्त्रींनी काय करावे?

कापडाच्या व्यापाऱ्याने गॅरेजच्या धंद्यावर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. पण बारामती-इंदापुरात आपल्या कित्येक घरांची चूल पाना-पकडीवर पेटते, म्हणून लिहीत आहोत.

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ चा नियम लागू झाला. आपल्या एमआयडीसीत पियाजिओच्या कारखान्यात २०१२ पासून व्हेस्पा तयार होते. तिच्यातही आता कार्बोरेटर नाही, इंजेक्शन आहे, आणि धुराच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर आहे. झिर्कोनिया नावाच्या सिरॅमिकवर प्लॅटिनमचा पातळ थर, अशी ही चीज. ती तापली की बाहेरची हवा आणि धूर यांतील ऑक्सिजनच्या फरकावर वीज तयार होते. धुरात ऑक्सिजन उरला तर सुमारे ०.१ व्होल्ट, पेट्रोल जास्त जात असेल तर ०.९ च्या आसपास. त्यावरून गाडीतला कॉम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त करतो. पूर्वी हेच काम मिस्त्री कानाने ऐकून, स्क्रू फिरवून करीत.

आमच्या दुकानाची मोटारसायकल पेट्रोल फार खाऊ लागली. एका गॅरेजवाल्याने सेन्सर खराब ठरवून नवा बसवला. पैसे गेले, फरक काहीच नाही. दुसऱ्या मिस्त्रींनी पाहिले, तर सायलेन्सरचे पॅकिंग फुटलेले. फटीतून हवा आत शिरे, सेन्सरला पेट्रोल कमी पडतेसे वाटे आणि कॉम्प्युटर आणखी पेट्रोल सोडी. पॅकिंग बदलताच गाडी सुधारली.

पहिल्याची नियत वाईट नव्हती, इल्म अपुरा होता. पण गिऱ्हाईक एवढा विचार करीत नाही. ते सरळ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची वाट धरते.

काही म्हणतील, आता बॅटरीच्या गाड्या येणार, हे शिकून काय उपयोग? पण आज विकल्या जाणाऱ्या पेट्रोल गाडीची नोंदणीच १५ वर्षांची असते. एवढ्या काळात एक पिढी हाताशी येते.

म्हणून आमचे म्हणणे असे. चार-पाच गॅरेजवाल्यांनी मिळून एक स्कॅनर घ्यावा. त्यासाठी आम्हा व्यापाऱ्यांनी कर्जे-हसना द्यावे, व्याज नको, सवडीने फेड व्हावी. पोरांना गॅरेजवर बसवण्याआधी आयटीआयला घालावे. लग्नाच्या मांडवावर आपण एका रात्रीत जेवढे उधळतो, त्यापेक्षा हे स्वस्त पडेल. मिस्त्रींचे हात पूर्वीइतकेच तरबेज आहेत, त्यांना नव्या इल्मची जोड तेवढी हवी.