पहाटेची पोटदुखी आणि मण्यार

परभणी जिल्ह्यात पेरणीपासून सोयाबीनच्या काढणीपर्यंतचे दिवस सर्पदंशाचे. धुऱ्यावरच्या गवतात घोणस पायाखाली येते. आखाड्यावर जमिनीवर झोपलेल्याला रात्री मण्यार डसते. नातेवाईक सापाचे नाव घेत नाहीत, ‘पान लागलं’ एवढेच सांगतात. मण्यारीच्या बाबतीत तेवढेही कोणी सांगत नाही. तिचे दात बारीक, दंश जवळजवळ दुखत नाही, खूण सापडत नाही. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते आणि रुग्णाला पित्ताची गोळी देऊन घरी पाठवले जाते. ही चूक जीव घेणारी आहे. जमिनीवर झोपलेला माणूस अशा तक्रारीने आला तर त्याच्या पापण्या मिटू लागल्या आहेत का, मान उचलता येते का, हे आधी पाहावे.

मण्यारीचे विष स्नायूजवळची चेतातंतूंची टोकेच निकामी करते. ती सावरायला कित्येक दिवस लागतात, आणि प्रतिविष झालेली हानी भरून काढत नाही. तोवर रुग्ण कृत्रिम श्वासावरच तगतो. नागाचे विष स्नायूवरच्या ग्राहींना अडवते, म्हणून तिथे अॅट्रोपिनसह निओस्टिग्मिनचा उपयोग होतो. घोणस आणि फुरसे रक्त गोठवणारे घटक संपवतात. त्याची परीक्षा प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते: कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत २ मिली रक्त २० मिनिटे न हलवता ठेवावे. नळी कलती केल्यावर रक्त वाहिले, तर प्रतिविष लगेच सुरू करावे. साबणाने धुतलेली किंवा प्लास्टिकची नळी फसवते.

सुश्रुताने सापांचे दर्वीकर, मंडली, राजिमंत असे गट पाडून प्रत्येकाच्या विषाची लक्षणे वेगळी सांगितली होती. आधुनिक वैद्यकाला हा भेद पुन्हा शिकावा लागला. १८९० च्या दशकात अल्बेर काल्मेत यांनी नागाच्या विषावर प्रतिविष तयार केले आणि ते इतर सापांवरही चालेल असे मानले गेले. मुंबईच्या प्लेग प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, जॉर्ज लॅम यांनी घोणशीच्या विषापुढे ते निष्प्रभ ठरते हे दाखवले.

आजचे प्रतिविष चारही सापांसाठी आहे. त्याचा १ मिली नाग व घोणशीचे ०.६ मिग्रॅ, मण्यार व फुरशाचे ०.४५ मिग्रॅ विष निष्प्रभ करतो. साप लहान-मोठा माणूस पाहून विष सोडत नाही, म्हणून मुलालाही मात्रा मोठ्यांइतकीच. हे प्रतिविष बनवण्यासाठी लागणारे विष मुख्यतः तमिळनाडूतील इरुळा सहकारी संस्थेकडून येते आणि एकाच जातीचे विष प्रदेशागणिक बदलते. त्यामुळे ठरलेल्या कुप्या देऊनही सहा तासांनी नळीतले रक्त गोठत नसेल, तर मात्रा पुन्हा द्यावी लागते.