आकड्यांची टिपणे पुरे झाली

या महिन्यात आमच्याकडे आलेल्या बरोबरीच्या डावांची टिपणे एकाच साच्यातली आहेत. प्रत्येक चालीपुढे इंजिनचा आकडा, आकडा घसरला की दोन प्रश्नचिन्हे आणि शेवटी ‘काळ्याने जिंकलेला डाव सोडला’ हा शेरा. पाठवणारे बहुतेक प्रशिक्षक आहेत, म्हणून ते जास्त खटकते.

लंडनमधल्या २०१८च्या कार्लसन-कारुआना सामन्याचा सहावा डाव घ्या. पेट्रोव्ह बचाव, काळ्याकडे एक मोहरा जास्त, पांढऱ्याकडे प्यादी आणि चिवट तटबंदी. ८० चालींत बरोबरी. नॉर्वेतल्या ‘सेसे’ संगणकावरच्या स्टॉकफिशने ६८व्या चालीला उंट एच४ खेळून कारुआना जिंकतो असे दाखवले. पण ती वाट उंट डी५, घोडा ई२, उंट एफ३ यानंतर घोडा जी१ अशी जाते, म्हणजे आपलाच घोडा आपण कोंडून घ्यायचा! कारुआना असे खेळला असता तर लगेच मेटल डिटेक्टर मागवले गेले असते, असे कास्पारोव्ह तेव्हाच म्हणाला होता. त्याच सामन्याचा पहिला डाव ११५ चालींचा. तिथेही काळा जिंकत होता, फक्त काळ्याकडून कार्लसन होता आणि वेळेच्या ओढाताणीत कारुआना पुरता अडकला होता. ती संधी माणसाच्या आवाक्यातली होती. तिथे कार्लसनला खुशाल धारेवर धरा. इंजिनचा निकाल दोन्हीकडे एकच, ‘काळा जिंकतो’. तेवढ्यावरून दोन्हींना सारखीच प्रश्नचिन्हे देणाऱ्याने डाव वाचलेलाच नाही.

यावर कुणी म्हणेल, सत्य ते सत्य. खेळाडूला दिसले नाही म्हणून बदलत नाही. मान्य, आणि ओपनिंगची तयारी किंवा सात मोहऱ्यांच्या टेबलबेसमधली स्थिती असेल तर इंजिनशी वाद घालण्यात अर्थ नाही. पण आकडा नेमके काय सांगतो, हे तरी पाहा. स्टॉकफिश १५.१पासून +१.०० म्हणजे एका प्याद्याची बढत राहिलेली नाही. इंजिन स्वतःशीच खेळले तर जिंकण्याची शक्यता निम्मी, एवढाच त्याचा अर्थ. तालुका स्पर्धेत ३० सेकंद शिल्लक असलेल्या मुलाला त्याचा काय उपयोग? ०.०० तर त्याहून फसवे: अखंड शह, अभेद्य तटबंदी आणि एकाच बाजूला सलग सहा अचूक चाली शोधाव्या लागतील अशी स्थिती, तिन्हींवर तोच शिक्का. यातली तिसरी स्थिती शिकवण्याजोगी असते आणि नेमकी तिच्याखालीच आमच्याकडे ‘समसमान’ एवढाच शब्द येतो.

तेव्हा पुढच्या अंकापासून नुसत्या आकड्यांची टिपणे छापणार नाही. आधी इंजिन बंद ठेवून टिपण लिहा, मग इंजिन लावा, आणि तुमचे व त्याचे कुठे पटले नाही तेवढेच सविस्तर पाठवा. विद्यार्थ्यांकडूनही हेच करून घ्या. चाल खेळताना खेळाडूकडे किती वेळ होता हेही टिपणकाराला कळायला हवे, म्हणून आयोजकांना विनंती अशी की पीजीएन फाइलमधल्या घड्याळाच्या वेळा गाळू नका. डीजीटी पटावर त्या आपोआप नोंदल्या जातात. पुसून टाकण्याचे कष्ट कशाला?